अजून बांधून व्हायचा आहे असा जुना किल्ला

वाचकहो, किल्ला म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? ढासळलेला बुरूज, तटात रुजलेला पिंपळ, कोरडे टाके. पण ज्याच्या तटावर अजून गवंडी ओळंबा धरून उभे आहेत, असा किल्ला तुम्ही पाहिला आहे काय? मी पाहिला, आणि तोही सातासमुद्रापलीकडे, फ्रान्समध्ये.

माझा भाचा नोकरीनिमित्त पॅरिसला असतो. त्याच्याकडे गेलो असताना एका सकाळी तो म्हणाला, "मामा, आज किल्ला बघायला जाऊ." मी म्हटले, "अरे, किल्ले बघायला इथवर कशाला यायचं? आपल्याकडे काय कमी आहेत?" त्यावर तो नुसता हसला. मोटारीने दोनेक तास दक्षिणेला गेलो. बर्गंडी भागातल्या त्रेन्यी गावाजवळ ओकचे दाट रान आहे. त्या रानात, एका सोडून दिलेल्या दगडाच्या खाणीत, गेदलों नावाचा हा किल्ला १९९७ सालापासून बांधला जात आहे.

मूळ कल्पना मिशेल गियो यांची. जवळच असलेला सँ-फार्जोचा वाडा त्यांनी विकत घेऊन दुरुस्त केला होता. त्याचा अभ्यास करताना आतल्या भिंतींत तेराव्या शतकातला किल्ला दडलेला आढळला. तेव्हा त्यांच्या मनात आले की असा किल्ला आज पुन्हा बांधून पाहिला तर? यंत्राने नव्हे, त्या काळच्या हत्यारांनीच. मारिलीन मार्तां या बाईंनी कामाची धुरा उचलली. पंचवीस वर्षांत काम उरकेल असा अंदाज होता, तो केव्हाच उलटून गेला. पण घाई कोणालाच दिसली नाही. सुरुवातीला सरकारी मदत मिळाली. पुढे पाहायला येणाऱ्यांच्या तिकिटावरच कारखाना चालू लागला. वर्षाला सुमारे ३ लाख माणसे येतात म्हणे.

हा किल्ला कोणा राजाचा नाही. १२२८ च्या सुमारास गिल्बेर नावाचा एक बेताच्या ऐपतीचा सरदार तो बांधू लागला, अशी गोष्ट त्यांनी रचली आहे. सरदार खोटा, पण आराखडा खरा. फ्रान्सचा राजा दुसरा फिलिप याच्या काळात किल्ल्यांची जी धाटणी ठरून गेली, तीच इथे आहे. कोपऱ्यांवर गोल बुरूज, त्यांतला एक मोठा, दरवाजाला दोन्ही अंगांनी बुरूज आणि भोवती कोरडा खंदक.

आता आत चला. आधी ऐकू येते ते छन्नीचे. खाणीतला दगड लोहाचा अंश असलेला वालुकाश्म, तपकिरी आणि कठीण. छन्नीची धार बघता बघता बोथट होते, म्हणून लोहाराचा भाता दिवसभर थंड पडत नाही. पाथरवट बोथट छन्न्या आणून टाकतात आणि धार लावलेल्या उचलून नेतात. एका लोहारावाचून सगळे काम अडेल, हे तिथे उभे राहिले की सांगावे लागत नाही. दगड, माती, वाळू, लाकूड, पाणी, सारे त्याच जागेवरचे. कौले त्याच मातीची, लाकडाच्या भट्टीत भाजलेली. ओझी वाहायला घोड्याच्या गाड्या.

दगड वर चढवायचा कसा? एक मोठे लाकडी चाक आहे, आत माणूस उभा राहू शकेल एवढे. माणसे आत शिरून चालू लागतात, चाक फिरते, दोर गुंडाळला जातो आणि शेकडो किलोंचा भार सावकाश वर जातो. तिकडे त्याला खारीचा पिंजरा म्हणतात. मला आपली मोट आठवली. फरक एवढाच की इथे बैलाच्या जागी माणूस.

मात्र मला सर्वांत आवडली ती दोरी. साधी दोरी, तेरा गाठींची. तेरा गाठी म्हणजे मधली सारखी अंतरे बारा. तीन अंतरांची एक बाजू, चारांची दुसरी, पाचांची तिसरी असा त्रिकोण जमिनीवर ताणला की कोपरा नेमका काटकोनात बसतो. ना गुण्या लागतो, ना पट्टी. घरी मुलांना करून दाखवा. आपले गवंडी पाया आखताना तीन-चार-पाचचा हिशेब धरतात, तो हाच. मापेही वीत, हात, पाऊल अशीच. आम्ही पाहत होतो तेव्हा एका पोराने गाठी मोजताना चूक केली, तर गवंड्याने त्याच्या हातात दोरी देऊन त्यालाच पुन्हा ताणायला लावली.

किल्ल्याच्या भोवती कामकऱ्यांची वस्ती आहे. बुरूड टोपल्या विणतो. रंगारी बाई मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांपासून लोकर तांबडी करते. भाज्यांची बागही आहे. पण तिथे बटाटा, टोमॅटो, मका, मिरची शोधू नका. ही सारी अमेरिकेतून आलेली पिके. १४९२ पूर्वी युरोपने ती पाहिलीच नव्हती (आपणही नाही!). मिरचीवाचून माणसे जेवत कशी होती, हा प्रश्न मला बराच वेळ सुटला नाही.

रानात ओढ्यावर पाणचक्की आहे. ज्युरा भागात तेर्वे येथे बाराव्या शतकातल्या चक्कीचे अवशेष उत्खननात सापडले. त्यावरून ही बेतली आणि २०१४ पासून ती दळू लागली. पीठ हाताला कोमट लागते. इथे मात्र एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या वाचकांच्या जिव्हाळ्याची आहे. त्या काळी अशी चक्की बहुधा जमीनदाराची असे. कुळांनी त्याच्याच चक्कीवर दळावे, त्याच्याच भट्टीत भाकरी भाजावी आणि दर खेपेला त्याचा हिस्सा काढून द्यावा, असा दंडक अनेक ठिकाणी होता. घरच्या जात्यावर दळले तर गुन्हा! गेदलोंमध्ये हसतमुख कामकरी आहेत, त्यांना पगार आहे, पायात पोलादी टोकाचे बूट आणि गरज पडेल तिथे डोक्यावर शिरस्त्राण आहे. कायद्याने ते हवेच. पण उपाशी कूळ, पडलेले पीक, दारात उभा राहिलेला वसुलीचा माणूस, हे तिथे दिसत नाही. दिसणारही नाही. तेव्हा पाहायला गेलात तर कारागिरी पाहा, तिच्यामागे राबणाऱ्याचे हाल मनाने जोडून घ्या.

मग हा सगळा पोरखेळच का? मीही प्रथम तसेच म्हणालो. सुताराच्या छपराखाली जाऊन उभा राहिलो तेव्हा मत बदलले. ताजा तोडलेला ओक आडवा टाकलेला. दोघे रुंद पात्याच्या कुऱ्हाडीने त्याचा चौकोनी वासा काढीत होते. करवतीने कापले की लाकडाचे धागे तुटतात. कुऱ्हाडीने तासताना झाडाच्या वाढीचा कल धरून जाता येते आणि वासा मजबूत राहतो. ही विद्या पुस्तकात वाचून हातात येत नाही. इथल्या सुतारांनी ती वर्षानुवर्षे चुकत-माकत कमावली.

१५ एप्रिल २०१९ रोजी पॅरिसच्या नोत्र-दाम या जगप्रसिद्ध चर्चला आग लागली. मध्ययुगीन ओकच्या लाकडाचे छप्पर जळून खाक झाले. ते होते तसेच, हाताने तासलेल्या वाशांचे करायचे ठरले, तेव्हा प्रश्न आला की तासणार कोण? गेदलोंमध्ये हात बसलेले सुतार त्या कामावर गेले. डिसेंबर २०२४ मध्ये नोत्र-दाम पुन्हा उघडले.

आमच्या गावी एक सुतारकाका होते. बैलगाडीचे चाक ते नुसत्या नजरेने गोल काढीत. टायरच्या गाड्या आल्या आणि त्यांचा वाकस माळ्यावर गेला. मी शाळेत शिकवीत होतो, रोज त्यांच्या दारावरून जात होतो. त्यांना बसवून घेऊन, चाक कसे करता ते सांगा, असे मी एकदाही म्हटले नाही. ते गेले. गेदलोंच्या त्या छपराखाली मला हे आठवले आणि खरे सांगतो, लाज वाटली.

तिकडे कोणी जाणार असेल तर थंडीत जाऊ नका. गोठणीत चुना धरत नाही, म्हणून हिवाळ्यात काम आणि फाटक दोन्ही बंद असते. सकाळी लवकर पोहोचा, आणि पायात चिखलात चालतील अशी पायताणे घाला.

निघताना सुताराने मला ओकची एक ढलपी दिली. गावी आल्यावर ती मी सुतारकाकांच्या मुलाला दाखवली. तो तालुक्याला प्लायवूडची कपाटे करतो. त्याने ढलपी उजेडात धरली, अंगठा फिरवला आणि म्हणाला, "गुरुजी, हे ओलं असतानाच तासलंय. कुऱ्हाडीनं. आबा असंच करायचे." मग तो माळ्यावर चढला, वाकस शोधायला.