मेणवली : वाडा, घाट आणि परत वाडा
साताऱ्याच्या वाईपासून सुमारे तीन किलोमीटरवर, कृष्णाकाठी वसलेले मेणवली हे नाना फडणवीसांचे गाव. इथला फेरा छोटा असून पायीच करता येतो.

सुरुवात नानांच्या वाड्यापासून. अठराव्या शतकातल्या या वाड्यात सहा चौक असून सागवानी लाकूडकाम आणि भिंतींवरची चित्रे आजही दिसतात. नानांच्या संग्रहातले मोडी कागद ‘मेणवली दफ्तर’ म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहेत.

वाड्यामागून उतरले की चंद्रकोरीसारखा वळलेला दगडी घाट लागतो. काठावर मेणेश्वर आणि विष्णू यांची मंदिरे आहेत. जवळच छोट्या घुमटीत १७०७ साल कोरलेली मोठी घंटा टांगलेली असून तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांच्या अशा अनेक घंटा मराठी मुलखातल्या देवळांत आल्या. ही त्यांपैकीच एक.

‘स्वदेस’ (२००४) या हिंदी चित्रपटाचे चित्रीकरणही मेणवलीत झाले. घाटाच्या पायऱ्या चढून गावातल्या वाटेने वाड्यासमोर आले की फेरा पूर्ण होतो. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात. हिवाळ्यातली सकाळ सर्वांत सोयीची.