शाळेची केमिस्ट्री लॅब: आधी नळ उघडून बघा

आजचा भाग शाळा-ज्युनिअर कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमधल्या सुरक्षेवर. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लेखी रूप. मी वालावलहून बोलतोय, म्हणजे कुडाळ तालुका, कर्ली नदीचा काठ. त्यामुळे उदाहरणं बरीचशी इथलीच येतील.

नियमांची पाटी बहुतेक लॅबमध्ये असते. ‘चव घेऊ नका, वास घेऊ नका, धावू नका.’ पाटी बरोबरच आहे. पण अपघात झाल्यावर पहिल्या दहा सेकंदांत काय हाताशी आहे, हे पाटीवर नसतं. आणि खरा फरक तिथेच पडतो.

पाणी किती लागतं?

डोळ्यात ॲसिड किंवा अल्कली उडाली तर डोळा वाहत्या पाण्याने निदान १५ ते २० मिनिटं धुवायचा. पापण्या बोटांनी उघड्या धरायच्या. इजा झालेला डोळा खालच्या बाजूला ठेवायचा, म्हणजे पाणी दुसऱ्या डोळ्यात जात नाही. आता हिशोब करू. मिनिटाला दोन लिटर धरले तरी २० मिनिटांचे झाले ४० लिटर. म्हणजे दोन मोठ्या बादल्या भरून. एक तांब्या मारून ‘जा आता घरी’ म्हणणं म्हणजे डोळा धुणं नव्हे.

आपल्याकडे टाकी पंपावर भरते आणि पंप लाईटवर चालतो. लाईट गेली, टाकी रिकामी असली, की नळ नुसता शोभेचा. म्हणून प्रॅक्टिकल सुरू करण्याआधी नळ उघडून बघायचा. नळाला रबरी पाईप जोडलेला असावा आणि शेजारी स्वच्छ पाण्याचा भरलेला पिंप. पाणी नसेल तर त्या दिवशी ॲसिडची बाटली कपाटातून काढायची नाही. वालावलहून कुडाळ गाठेपर्यंत जी मिनिटं जातात, ती डोळ्याला परवडणारी नसतात. आधी धुवायचं, मग गाडी काढायची.

अल्कलीला कमी लेखू नका. ॲसिडमुळे डोळ्याच्या पृष्ठभागावरची प्रथिनं गोठतात आणि त्याचा थोडा अडसर तयार होतो. सोडियम हायड्रॉक्साईडसारखी अल्कली पेशींमधल्या स्निग्ध पदार्थांचा अक्षरशः साबण करते आणि आत शिरत जाते. पानाच्या चुन्याचंही तेच. चुन्याची पुडी दाबताना फुटून लहान मुलांच्या डोळ्यांना इजा झाल्याची उदाहरणं भारतातल्या नेत्रतज्ज्ञांनी नोंदवलेली आहेत.

कातडीवर ॲसिड पडलं तर ‘वरून सोडा टाकू का?’ असं बरेच जण विचारतात. नको. त्या क्रियेतून आणखी उष्णता निघते, आणि सोडा शोधण्यात वेळ जातो तो वेगळाच. भिजलेला कपडा काढा आणि भरपूर पाणी सोडा.

ॲसिड पाण्यात, पाणी ॲसिडमध्ये नाही

हे सगळ्यांना पाठ असतं. कारण विचारलं की गडबड होते. तीव्र सल्फ्युरिक ॲसिडची घनता साधारण १.८४, पाण्याची १. ॲसिडवर पाणी ओतलं तर ते वरच तरंगतं. दोघं मिसळताना प्रचंड उष्णता निघते, वरचं पाणी जागच्या जागी उकळतं आणि ॲसिड घेऊन उडतं. उलट, भरपूर पाण्यात ॲसिड थोडं थोडं ढवळत सोडलं की ते खाली जाताना मिसळतं आणि उष्णता सगळ्या पाण्यात वाटली जाते. कारण कळलं की नियम उलटा आठवण्याची भीती राहत नाही.

स्पिरिटचा दिवा

अमेरिकेतल्या केमिकल सेफ्टी बोर्डाने डिसेंबर २०१३ मध्ये एक व्हिडिओ काढला होता. मिथेनॉल ओतून रंगीत ज्वाळा दाखवण्याच्या प्रयोगात विद्यार्थी कसे भाजतात, हे त्यात सांगितलं होतं. काही आठवड्यांतच, २ जानेवारी २०१४ ला, न्यूयॉर्कच्या एका हायस्कूलमध्ये त्याच प्रयोगात विद्यार्थी भाजले.

आपल्याकडे तो प्रयोग होत नसेल, पण स्पिरिटचा दिवा तर आहे! स्पिरिटची ज्योत उजेडात नीट दिसत नाही. दिवा विझलाय असं वाटतं आणि कोणीतरी वरून स्पिरिट ओततं. म्हणून टोपण घालून विझवायचा, गार होऊ द्यायचा, मगच भरायचा. पेटता दिवा तिरपा करून दुसरा पेटवायचा नाही. ओढणी आणि मोकळे केस बांधलेले हवेत.

एक अपवाद लक्षात ठेवा: सोडियम पेटला तर पाणी अजिबात नाही, कोरडी वाळू. आणि इथे पावसाळ्यात बादलीतली वाळू कोरडी राहत नाही! ती झाकणाच्या डब्यात ठेवा, अधूनमधून उन्हात वाळवा.

दमट हवा आणि लेबलं

कोकणातल्या पावसात लेबलं सुटतात, शाई पसरते. लेबल पेन्सिलीने लिहा आणि वरून रुंद सेलोटेप लावा. लेबल नसलेली बाटली वास घेऊन ओळखायची नाही, बाजूला ठेवून शिक्षकांना सांगायचं. सोडियम हायड्रॉक्साईड हवेतला ओलावा ओढून पाझरतं आणि काचेचं बूच घट्ट बसवतं. मग जोर लावताना बाटली फुटते. त्यासाठी प्लास्टिकची बाटलीच बरी.

ॲसिड कोणाच्या ताब्यात आहे, हेही महत्त्वाचं. ॲसिडहल्ल्यांच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये जे आदेश दिले, ते शिक्षणसंस्थांनाही लागू आहेत. वापराची नोंदवही हवी, एक माणूस जबाबदार हवा आणि लॅबमधून बाहेर पडणाऱ्यांची तपासणी हवी.

शॉवर होता, पण...

डिसेंबर २००८ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात हवेत आपोआप पेटणारं रसायन सांडून २३ वर्षांची संशोधन सहायक भाजली. अंगात लॅबकोट नव्हता, कृत्रिम धाग्याचा स्वेटर होता. लॅबमध्ये आपत्कालीन शॉवर होता, पण तिला त्याखाली नेलं गेलं नाही. १८ दिवसांनी ती गेली.

इतक्या मोठ्या विद्यापीठात हे झालं. म्हणजे साधन असणं पुरेसं नाही, हाताला सवय लागते. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांमध्ये, परत उघडून बघितल्याशिवाय बॅकअपला बॅकअप मानत नाहीत. तसंच हे. वर्षाच्या पहिल्या प्रॅक्टिकलला दहा मिनिटं काढा. एकाने डोळे मिटायचे, दुसऱ्याने त्याला नळापर्यंत न्यायचं.

आपल्या मुलांना हे समजावणं अवघड नाही. ओले काजूगर सोलताना डीक लागून कातडी सोलते, हे त्यांनी घरी पाहिलेलं असतं. म्हणून तर आई-आजी हाताला राख किंवा तेल लावूनच बसतात. लॅबमधला चष्मा आणि कोट म्हणजे तीच आधीची तयारी.

तुमच्या शाळेत शिक्षक, लॅब असिस्टंट किंवा पालक म्हणून जाणं होत असेल, तर या आठवड्यात लॅबमधला नळ उघडून बघा आणि किती वेळ पाणी आलं ते आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!