आकाशातून काढलेली अमूर्त चित्रं

अमूर्त चित्रासमोर उभं राहिलं, की बहुतेकांच्या मनात पहिला प्रश्न येतो, ‘हे आहे तरी काय?’ गंमत अशी, की उपग्रहातून घेतलेली पृथ्वीची छायाचित्रं पाहतानाही माझ्या मनात हाच प्रश्न येतो. लाल पटावर निळ्या शिरांचं जाळं, पिवळ्या जमिनीवर हिरवी वर्तुळं. खाली नाव लिहिलेलं नसेल, तर हे चित्र कुंचल्याचं की कॅमेऱ्याचं, ते चटकन सांगता येत नाही. २००२ साली अमेरिकेत लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ‘लँडसॅट’ उपग्रहाच्या अशा चित्रांचं प्रदर्शनच भरलं होतं.

हे साम्य येतं कुठून? एक म्हणजे, सरळ वरून पाहिलं की क्षितिज नाहीसं होतं. झाड, घर, माणूस यांपैकी ओळखीचं काही उरत नाही, त्यामुळे आकाराचा अंदाज येत नाही. शंभर किलोमीटरचा त्रिभुज प्रदेश आणि पिंपळाच्या पानावरची शीर सारखीच दिसू लागते. अमूर्त चित्रकारही वस्तूची ओळख पुसून केवळ रंग आणि आकार ठेवतो. रशियन चित्रकार काझिमिर मालेविच यांच्या १९२७ सालच्या पुस्तकात तर त्यांच्या चित्रांबरोबर विमानातून घेतलेली छायाचित्रंही होती. तेव्हा हे नातं अगदीच योगायोगाचं नाही.

दुसरं कारण रंगांचं. उपग्रह आपल्या डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरणही टिपतो. हिरवी पानं हे किरण भरपूर परत पाठवतात. ते चित्रात दाखवायचे तर एखादा रंग द्यावाच लागतो, आणि पुष्कळदा तो लाल असतो. म्हणून भरघोस पीक लालभडक दिसतं आणि खोल, नितळ पाणी काळंभोर.

पण इथेच एक मोठा फरक आहे. चित्रकारानं लाल रंग का लावला, हे त्यानं सांगितलंच पाहिजे असं नाही. लँडसॅटच्या चित्रातला ठिपका मात्र साधारण ३० मीटर लांब-रुंद जमिनीचं मोजमाप असतो. त्याचा अर्थ विचारावाच लागतो.

१३ जुलै २००५ रोजी बाल्टिक समुद्रातल्या गोटलंड बेटाभोवतीचं चित्र टिपलं गेलं. काळ्याशार पाण्यात हिरवट भोवरे! व्हॅन गॉगची आठवण यावी असे. २०१२ साली लोकांनी मतं देऊन याच चित्राला पहिला क्रमांक दिला. हे भोवरे सूक्ष्म वनस्पती-प्लवकांचे. बाल्टिकमध्ये शेतातली खतं आणि सांडपाणी वाहून येतं, त्यावर हे प्लवक फोफावतात. मेल्यावर ते तळाशी कुजतात, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि माशांचा जीव गुदमरतो.

कॅन्सस राज्यातली हिरवी वर्तुळंही तशीच देखणी. मधल्या खांबाभोवती चाकांवरून फिरणारी लांब नळी पिकाला पाणी देते, म्हणून शेत गोल. पण हे पाणी जमिनीखालच्या ओगालाला साठ्यातलं आहे. पावसानं भरून निघतं त्याहून कितीतरी जास्त उपसल्यामुळे काही ठिकाणी त्याची पातळी ३० मीटरहून अधिक खाली गेली आहे.

आपल्याकडे जून २०२० मध्ये लोणार सरोवर गुलाबी झालं, तेव्हा उपग्रहचित्रातही तो बदल दिसला. पाहणारे हरखले, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. पाण्याचे नमुने तपासले गेले. पाणी आटून खारटपणा वाढला होता आणि क्षारप्रिय सूक्ष्मजीव माजले होते, असं पुण्याच्या आघारकर संस्थेच्या तपासणीत दिसून आलं.

अशी चित्रं पुन्हा कधी पाहाल, तेव्हा आधी डोळे भरून जरूर पाहा. मग मात्र ‘हे आहे तरी काय?’ हा प्रश्न विचारायला विसरू नका. इथे त्याला उत्तर असतं, आणि ते आपल्या पाण्याचं, पिकाचं असू शकतं.