पाच मिनिटांचा फड

सन २००० च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गला, कार्नेगी मेलन विद्यापीठात, पर्ल या संगणकभाषेच्या चाहत्यांचं संमेलन भरलं. संमेलनाच्या नावात साल मात्र घातलं होतं १९१००. पर्लला तारीख विचारली की ती वर्ष १९०० पासून मोजून सांगते. १९९९ साली उत्तर यायचं ९९, आणि बऱ्याच जणांनी त्याच्या आधी सरळ '१९' चिकटवून काम भागवलं होतं. २००० उजाडलं, उत्तर आलं १००, आणि अशा प्रोग्रॅमांनी तारीख छापली १९१००. आपल्याच जमातीची ही फजिती या मंडळींनी थेट संमेलनाच्या नावात मिरवली. लाइटनिंग टॉकचा पहिला फड याच संमेलनात रंगला.

कल्पना मार्क जेसन डॉमिनस या प्रोग्रॅमरची. एकेकाला पाच मिनिटं, एकामागून एक भाषणं, वेळ संपली की थांबायचं. त्यांनी नवख्यांना धीर देताना सांगितलं होतं की आधी कधी बोलला नसाल तर सुरुवात छोटी करा, स्लाइड्स केल्याच पाहिजेत असं नाही, आणि फसलंच तर थोडक्यात सुटका होते. ऐकणाऱ्यालाही तोच दिलासा. एक भाषण रटाळ निघालं तरी पुढचा वक्ता मंचाच्या पायरीशी तयारच असतो.

वेळ पाळण्याच्या तऱ्हा तर बघण्यासारख्या. पर्लवाल्यांकडे काशाची मोठी थाळी ठोकतात. जपानमध्ये ही थाळी इतकी रुजली की तिच्याशिवाय असा कार्यक्रम अपुरा वाटावा. पायथॉन या संगणकभाषेच्या काही संमेलनांत हे काम श्रोतेच करतात. पाच मिनिटं झाली की सभागृह टाळ्या वाजवायला लागतं आणि वक्ता वाक्याच्या मध्यावर असला तरी टाळ्या थांबत नाहीत. बोलणाऱ्याला गप्प करायचं, पण त्याचा मान राखून. याहून चांगली युक्ती आपल्या कुठल्याही समारंभाला अजून सुचलेली नाही.

या प्रकारातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण म्हणजे गॅरी बर्नहार्ट यांचं 'वॉट'. २०१२ मध्ये कोडमॅश या परिषदेत त्यांनी ते सादर केलं. पाच मिनिटांच्या आतच आटोपलेल्या या भाषणात ते जावास्क्रिप्ट या संगणकभाषेला भाबडे प्रश्न विचारतात. दोन रिकाम्या याद्यांची बेरीज किती? उत्तर येतं एकही अक्षर नसलेलं वाक्य. 'वॉट' या शब्दातून १ वजा केला तर? उत्तर येतं 'नॅन', म्हणजे ही संख्याच नव्हे. मग ते १६ रिकाम्या खणांची यादी घेतात, खणांच्या मधल्या फटींत ते 'नॅन' भरतात आणि शेवटी 'बॅटमॅन!' जोडतात. पडद्यावर नॅननॅननॅन अशी १५ वेळा माळ उमटते आणि बॅटमॅनच्या जुन्या टीव्ही मालिकेचं शीर्षकसंगीत ओळखून सभागृहात हशा फुटतो. यात बनवलेला विनोद एकही नाही. भाषेचे नियम जसे आहेत तसेच ते चालवून दाखवतात. ते हसू आठवणीत राहतं आणि त्याबरोबर बेरजेचा नियमही.

अर्ध्या तासाच्या व्याख्यानात माणूस आपलं यश मांडतो. पाच मिनिटांत मावते ती एखादी गफलत, एखादी गंमत, रात्री दोनला सापडलेली एक चूक. म्हणूनच इथे हशा आपसूक येतो. पेचाकुचा (२० चित्रं, प्रत्येकी २० सेकंद) आणि इग्नाइट (२० चित्रं, प्रत्येकी १५ सेकंद) ही याचीच भावंडं. पण तिथे स्लाइड्स आपोआप पुढे सरकतात, त्यामुळे तालीम लागते. लाइटनिंग टॉकला सकाळी नाव दिलं आणि संध्याकाळी उभं राहिलं तरी चालतं.

महाराष्ट्रात पायथॉनवाल्यांची अशी संमेलनं पुण्यात झाली. २०११ ची पायकॉन इंडिया ही पायथॉनची परिषद सिम्बायोसिसमध्ये झाली, फेब्रुवारी २०१७ मध्ये पायकॉन पुणे भरली. सातारा जिल्ह्यातलं लोणंद हे पुणे-मिरज रेल्वेमार्गावरचं स्टेशन, आणि सातारा-सांगलीकडची कितीतरी मुलं याच मार्गानं पुण्याला शिकायला, नोकरीला जातात. तरी नुसतं पुण्याकडे बघायचं कारण नाही. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स गट आहे, आणि थोरली पोरं धाकट्यांना शिकवतात ही तिथली रीत.

शिवाय या भागाला घड्याळ लावून बोलणं नवं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, आणि अशा संस्थांच्या शाळांतून वक्तृत्व स्पर्धा ही मुलांची पहिली धिटाई असते. पहिली घंटा इशाऱ्याची, दुसरी थांबण्याची, ही शिस्त आठवीतल्या पोरीलाही पाठ असते. उणीव आहे ती विषयांची. तिथे आवेशाला आणि पाठांतराला गुण मिळतात, स्वतः करून पाहिलेल्या खटपटीला मिळत नाहीत. तीच घंटा, तीच पाच मिनिटं, पण बोलायचं आपल्या हातून बिघडलेल्या गोष्टीवर, असा एक गट स्पर्धेत घातला तर काय बहार येईल!

विषयांची वाण लोणंदसारख्या गावात तरी पडणार नाही. इथे कांद्याची मोठी बाजारपेठ आहे. बाजारभावाचा तक्ता बनवताना क्विंटल आणि किलोची गल्लत झाली, मोबाइलवरून सुरू होणारी विहिरीची मोटर भलत्याच वेळी चालू झाली, मराठी नावांची यादी संगणकानं अकारविल्हे लावताना 'ज्ञ' भलतीकडे गेला, हे सगळं पाच मिनिटांत सांगण्याजोगं आहे, आणि ते मराठीतच रंगेल. सामान फारसं लागत नाही: एक प्रोजेक्टर, नावं लिहायला फळा, शाळेतली घंटा. एकच पथ्य काटेकोर पाळावं. सगळ्यांच्या स्लाइड्स आधीच एका लॅपटॉपवर घेऊन ठेवाव्यात, कारण वायर काढण्या-जोडण्यात दोन मिनिटं गेली तर भाषणाला उरतात तीनच.