‘पोरीला आळस भरलाय’ म्हणण्याआधी



जव्हारकडच्या एका पाड्यावर गटाची बैठक होती. हप्त्यांचा हिशोब आटोपला तशी एक ताई हळूच म्हणाली, “पोर आश्रमशाळेतून आलीय तशी नुसती झोपते. बारावीचं टेन्शन आहे म्हणतात.” कुणी म्हणालं आळस, कुणी म्हणालं भगताला दाखव. खरं सांगते, मी पण टेन्शनच म्हटलं. दोन महिन्यांनी रक्त तपासलं तर थायरॉइड निघालं. तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं.

थायरॉइड हे रोगाचं नाव नाही. गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखरासारखी एक ग्रंथी असते, तुमच्या माझ्या सगळ्यांच्याच. तिच्यातून निघणारं हार्मोन शरीराची चूल किती पेटवायची ते ठरवतं. चूल मंदावली की थकवा, थंडी वाजणं, पोट साफ न होणं, वजन वाढणं, पाळीत जास्त जाणं. भडकली की छातीत धडधड, हात थरथरणं, घाम, चिडचिड, खाऊनही अंग उतरणं.

आता बघा, यातली बरीच लक्षणं ताणाचीही आहेत. अंगात रक्त कमी असलं तरी थकवा येतोच. मग वरून कसं ओळखणार? टीएसएच नावाची रक्ततपासणी करावी लागते.

ताणानेच थायरॉइड होतो का? तसं डॉक्टर ठामपणे म्हणत नाहीत. खूप ताण असला की शरीरात कॉर्टिसॉल वाढतं आणि ग्रंथीच्या कामात थोडी गडबड होऊ शकते, बहुतेकदा ती आपोआप निवळते. पण ज्यांच्या घरात हा आजार आहे, त्यांच्यात मोठा धक्का किंवा लांबलेला ताण निमित्त ठरू शकतो. उलटंही होतं, थायरॉइड बिघडलं की पोर उदास, चिडकी होते आणि आपण तिलाच बोलतो. परीक्षा, लग्नाची घाई, आईबाप वीटभट्टीवर आणि लहान भावंडं हिच्या गळ्यात. आपल्याकडच्या पोरींचा ताण काही थोडा नसतो.

ही लक्षणं तीन-चार आठवडे राहिली किंवा गळ्याला सूज दिसली तर आशाताईला सांगा, जव्हारच्या कुटीर रुग्णालयात किंवा मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा. शाळेत, अंगणवाडीत १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासायला आरोग्य पथक येतं, ते गलगंडही बघतं. पोर दिवसात असेल तर अजिबात थांबू नका, बाळाच्या मेंदूची वाढ सुरुवातीला आईच्या हार्मोनवरच असते. मनावरचं ओझं बोलायचं असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा फुकट नंबर आहे.

मिठाचंही सांगते. ग्रंथीला आयोडीन लागतं, म्हणून पुड्यावर ‘आयोडीनयुक्त’ लिहिलेलंच मीठ घ्या. बाजारातलं सुटं खडा मीठ नको. चुलीशेजारी उघडं ठेवलं की धगीने आणि आपल्या पावसाळी ओलीने आयोडीन उडतं. झाकणाच्या डब्यात ठेवा, भाजीत शेवटी घाला.

गोळी सुरू झाली तर सकाळी उपाशीपोटी, चहाच्या निदान अर्धा तास आधी. शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी तिच्यासोबत नको, चार तासांचं अंतर ठेवा. बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका. आणि दिवाळीनंतर भट्टीवर निघताना गोळ्या नि तपासणीचा कागद आठवणीने पिशवीत टाका. त्या ताईची पोर आता गोळी घेते, पुढच्या तपासणीला मी सोबत जाणार आहे.