वादळाची उजवी बाजू

रमजान ईद होऊन आठवडा झाला होता. टाळेबंदीत घरी बसून आम्ही हवामानाचे शौकीन 'निसर्ग' वादळाच्या मागावर होतो. 2 जून 2020 च्या दुपारी अरबी समुद्रात त्याचे चक्रीवादळ झाले. उपग्रहाचे नवे चित्र आले की आम्ही नकाशावरची रेघ पुढे ओढायचो. रेघ अलिबागकडे वळली, तसा श्रीवर्धनला मामूंना फोन केला : "मामू, ते तुमच्या बाजूने निघून जाईल, घरीच थांबा."

इथेच चुकलो. आपल्या गोलार्धात वादळाचे वारे घड्याळाच्या उलट फिरतात. मार्गाच्या उजवीकडे या वाऱ्यांना वादळाच्या पुढे सरकण्याचा वेगही मिळतो, म्हणून मार तिकडे जास्त. ईशान्येकडे निघालेल्या 'निसर्ग'च्या उजवीकडेच श्रीवर्धन होते. (वर्गात वारे आम्हीच शिकवतो!)

3 जूनच्या दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला धडकले, तेव्हा वारे ताशी 100 ते 110 किलोमीटर होते. श्रीवर्धनात नारळी-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, वीज गेली, फोन बंद पडले. आमच्या पडद्यावर ढग स्पष्ट दिसत होते, मामू मात्र नाहीत.

चौथ्या दिवशी फोन वाजला. "छप्पर गेलं, आम्ही सगळे सलामत आहोत, अल्हम्दुलिल्लाह," मामू म्हणाले. मग जरा थांबून, "बाजूने जाणार होतं ना?"