विश्लेषण : मधुमेही मांजराचे खाद्य बदलताना इन्सुलिनकडे लक्ष का हवे?

मांजर सारखे पाणी पिते, लघवीचा ट्रे लवकर ओला होतो आणि खाणे नीट असूनही वजन उतरते. अशी लक्षणे दिसणाऱ्या लठ्ठ मांजराच्या तपासणीत अनेकदा मधुमेहाचे निदान होते. पशुवैद्यक इन्सुलिन सुरू करतात आणि कोरडे दाणे कमी करून ओले खाद्य द्यायला सांगतात. दुसरा सल्ला ऐकायला सोपा वाटतो. मात्र इन्सुलिन चालू असलेल्या मांजराचे खाद्य परस्पर, एका रात्रीत बदलले तर ते त्याच्या जिवावर बेतू शकते. असे का होते आणि हा बदल कसा करावा, याविषयी…

मांजरांना मधुमेह कशामुळे होतो?

मांजरांमधील बहुतांश मधुमेह माणसांतील टाइप-२ प्रकाराशी मिळताजुळता असतो. शरीर इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाही आणि कालांतराने स्वादुपिंडही थकते. प्रमाणात वजन असलेल्या मांजरांच्या तुलनेत लठ्ठ मांजरांना हा धोका सुमारे चौपट असतो. मध्यम वय ओलांडलेल्या, निर्बीजीकरण झालेल्या, घरातच राहणाऱ्या बोक्यांमध्ये हा आजार अधिक आढळतो. याचा अर्थ कोरडे दाणेच मधुमेह घडवतात, असा नाही. नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांच्या २००९ मधील अभ्यासात कोरड्या खाद्याच्या प्रमाणापेक्षा घरात बंदिस्त राहणे आणि हालचालीचा अभाव यांचा मधुमेहाशी संबंध दिसला. एकदा मधुमेह झाल्यावर मात्र खाद्यातील कर्बोदके महत्त्वाची ठरतात.

कोरड्या आणि ओल्या खाद्यात फरक काय?

मांजर पूर्णपणे मांसाहारी प्राणी आहे. उंदीर किंवा पाखरू खाल्ल्यावर त्याच्या पोटात कर्बोदके नगण्य जातात. माणसाच्या यकृतात जेवणानंतरची साखर हाताळणारे ग्लुकोकायनेज हे विकर मांजरात फारच कमी काम करते. कोरडा दाणा आकार धरून राहावा यासाठी त्यात मका, तांदूळ, गहू, बटाटा किंवा वाटाणा असा पिठूळ घटक लागतो. त्यामुळे ‘ग्रेन फ्री’ लिहिलेले पाकीटही कमी कर्बोदकांचे असेलच असे नाही. ओल्या खाद्यात ७५ ते ८० टक्के पाणी असते, दाण्यांत जेमतेम ६ ते १० टक्के. म्हणून ओले खाद्य तुलनेने कमी उष्मांकात पोट भरते आणि शरीरात पाणीही जाते. तरी काही ग्रेव्हीवाल्या पाऊचमध्ये स्टार्च असतो, हे लक्षात घ्यावे.

पाकिटावरून कर्बोदके कशी काढायची?

पाकिटावर कर्बोदकांचा आकडा बहुधा नसतो. तो काढण्यासाठी १०० मधून प्रथिने, मेद, पाणी, तंतू आणि राख यांची टक्केवारी वजा करावी. राखेचा आकडा दिलेला नसेल तर दाण्यांसाठी ८ आणि ओल्या खाद्यासाठी २ टक्के धरता येते. समजा, दाण्यांत प्रथिने ३२, मेद १२, पाणी १०, तंतू ३ आणि राख ८ टक्के आहे. तर उरतात ३५ टक्के कर्बोदके. ओल्या खाद्यात प्रथिने ११, मेद ५, पाणी ८०, तंतू अर्धा आणि राख २ टक्के असेल, तर उरतात दीड टक्के. पाण्याचे प्रमाण वेगळे असल्याने ही तुलना उष्मांकांत करावी. पहिल्या खाद्यात सुमारे ३६ टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात, दुसऱ्यात सुमारे ६ टक्के. मधुमेही मांजरासाठी हे प्रमाण साधारण १२ टक्क्यांच्या आत असावे, असे मानले जाते. लेबलवरील आकडे किमान-कमाल स्वरूपाचे असल्याने हा हिशेब अंदाजाचाच असतो.

मग इन्सुलिनचा धोका कुठे येतो?

इन्सुलिनची मात्रा मांजर त्या वेळी जे खाते आहे, त्यावर बेतलेली असते. कर्बोदके एकदम घटली आणि मात्रा तीच राहिली, तर रक्तातील साखर घसरते. ती साधारण ६० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरखाली गेली की धोका सुरू होतो. सुस्ती, झोकांड्या, थरथर, सैरभैर नजर आणि शेवटी झटके ही त्याची लक्षणे आहेत. अशा वेळी हिरड्यांवर मध किंवा साखरेचे पाणी चोळून मांजराला तातडीने दवाखान्यात न्यावे. झटका चालू असताना तोंडात बोट घालू नये, काही ओतू नये.

म्हणूनच खाद्यबदलाची तारीख पशुवैद्यकांशी बोलून ठरवावी. अनेकदा ते बदलाआधीच मात्रा कमी करतात आणि घरी कानाच्या कडेला बारीक सुई टोचून साखर मोजायला शिकवतात. दवाखान्यात घाबरल्यानेही मांजराची साखर वाढते, त्यामुळे घरच्या नोंदी उपयोगी पडतात. माणसांचे ग्लुकोमीटर मांजराची साखर प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवू शकते. तेव्हा कोणते यंत्र वापरतो, तेही सांगावे. भारतात यू-४० आणि यू-१०० अशा दोन्ही क्षमतेच्या इन्सुलिनच्या बाटल्या मिळतात. बाटली आणि सिरिंज एकाच क्षमतेची नसेल, तर मात्रा अडीचपट चुकते.

मांजराने नवे खाद्य नाकारले तर?

‘भूक लागली की खाईल’ हा विचार येथे घातक आहे. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर शरीरातील चरबी यकृतात साचून ‘हेपॅटिक लिपिडोसिस’ हा गंभीर आजार होऊ शकतो. मांजर जेवलेच नाही, तर नेहमीचे इन्सुलिन देण्याआधी पशुवैद्यकांना फोन करावा.

आधी दिवसभर भरलेली वाटी उचलून ठरलेल्या वेळी जेवण सुरू करावे. दाण्यांशेजारी चमचाभर ओले खाद्य ठेवावे, मग ते थोडे थोडे वाढवावे. फ्रिजमधले खाद्य कोमट केल्यास वास सुटतो. दाण्यांची पूड वर भुरभुरणेही चालते. काही मांजरे आठ-दहा दिवसांत रुळतात, काहींना कित्येक आठवडे लागतात. रोज नेमके किती पोटात गेले, याची नोंद ठेवावी.

किती द्यावे? घरचे चालेल का?

वरच्या उदाहरणातील ५० ग्रॅम दाण्यांइतके उष्मांक मिळायला सुमारे २०० ग्रॅम ओले खाद्य लागते. वजनही हळूहळूच उतरावे. आठवड्याला अर्धा ते दोन टक्के, म्हणजे सहा किलोच्या बोक्यासाठी ३० ते १२० ग्रॅम. दूध-पोळी आणि दहीभात यांतून कर्बोदकेच वाढतात. नुसते उकडलेले चिकन किंवा मासे रोजचा आहार म्हणून पुरत नाहीत, कारण त्यातून कॅल्शियम आणि इतर आवश्यक घटक योग्य प्रमाणात मिळत नाहीत. टॉरिन कमी पडले तर हृदय आणि डोळ्यांवर परिणाम होतो. पाकीट घेताना ‘संपूर्ण आहार’ की ‘पूरक खाद्य’, हे पाहावे. मूत्रपिंडाचा आजारही असेल, तर खाद्याची निवड पशुवैद्यकांवरच सोपवावी.

मधुमेह बरा होतो का?

काही मांजरांत इन्सुलिन बंद करूनही साखर आटोक्यात राहते. याला ‘रेमिशन’ म्हणतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ६३ मधुमेही मांजरांवरील अभ्यासात कमी कर्बोदकांचे डबाबंद खाद्य खाणाऱ्या गटातील ६८ टक्के मांजरांचे इन्सुलिन १६ आठवड्यांत सुटले. मध्यम कर्बोदके आणि जास्त तंतू असलेले खाद्य खाणाऱ्या गटात हे प्रमाण ४१ टक्के होते. निदानानंतर लवकर आणि काटेकोर उपचार झाल्यास शक्यता वाढते. सर्व मांजरांत हे घडत नाही आणि वजन पुन्हा वाढल्यास मधुमेह परतू शकतो. रेमिशन म्हणजे इन्सुलिनची गरज संपणे. ती संपत आल्याचे वेळीच लक्षात आले नाही, तर तेच इन्सुलिन घातक ठरते. त्यामुळे बदल सुरू असताना साखर मोजणे थांबवू नये.